पावणेचार मारुती

सहा-सात वर्षांचं पोरगं असेल. रविवारची सकाळ, गंगापूर रोडवरच्या मिसळवाल्याकडची नेहमीची गर्दी, आणि पार्किंगमध्ये गडद हिरव्या रंगाची नवीकोरी बीएमडब्ल्यू एम फाईव्ह. मालक हात पुसत आला आणि गाडीत बसला. त्याबरोबर या पोरानं बापाचं बोट सोडलं, दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबले, कोपरं बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. ही गाडी सुरू झाली की कान फाटतात, असं कुणीतरी त्याला आधीच सांगून ठेवलेलं असणार. आम्हीही मोबाइल सरसावून उभे होतो. गाडी हलली. टायरखाली खडी चुरचुरली, कागदाचा एक द्रोण चिरडला गेला, आणि गाडी वळून फाटकाबाहेर पडली. बस्स, एवढंच. पोराचे हात कानांवरच. शेवटी त्यानं एका कानावरचा हात जरासा उचलून विचारलं, "बाबा, चालू झाली का?" गाडी तोवर सिग्नलपर्यंत पोचली होती.

सगळे हसले. मीही हसलो, पण दिवसभर ते पोरगं काही डोळ्यांसमोरून हलेना. ही नवी एम फाईव्ह हायब्रिड आहे: आठ सिलिंडरच्या व्ही एट पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरी आणि मोटर, त्यामुळे इंजिन बंद ठेवून नुसत्या विजेवरही ती चालते.

आमचं टोळकं तसं जुनं आहे. एक दातांचे डॉक्टर, एक ट्रान्स्पोर्टवाले अण्णा, एक इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारे सर, आणि अंबडच्या एमआयडीसीत छोटं मशीन शॉप चालवणारा मी. चौघांच्या दारात मिळून ज्या गाड्या उभ्या आहेत, त्यांची किंमत केली तर त्या हिरव्या गाडीची दोन चाकं कदाचित येतील. पण गप्पांना किंमत पडत नाही. त्या दिवशी रश्श्याची दुसरी वाटी येईपर्यंत डॉक्टरांनी गाडीचा पंचनामा सुरूही केला होता. सातशे सत्तावीस हॉर्सपॉवर, हजार न्यूटन मीटर टॉर्क, सगळं मान्य. पण शून्य ते शंभर साडेतीन सेकंद. आधीच्या पिढीची एम फाईव्ह, म्हणजे एफ नाईंटी काँपिटिशन, तीन पूर्णांक तीनमध्ये जायची. शंभराहून जास्त घोडे वाढवून गाडी हळू केली, हा पराक्रम फक्त जर्मनच करू शकतात, असं म्हणून त्यांनी पापड मोडला. सरांचा आक्षेप दिसण्यावर होता. पुढचे मडगार्ड साध्या फाईव्ह सिरीजपेक्षा इतके फुगवलेत, की गाडी सूज आल्यासारखी दिसते म्हणे. अण्णा मात्र खूश होते. त्यांना गाडी रुबाबदार वाटली, आणि मुख्य म्हणजे पोलिसांच्या नजरेत न येता गल्लीतून निघून जाता येतं हे त्यांना फार पटलं. मी जिलेबी खात होतो. माझं मत तयार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही ते पुरतं तयार नाही.

ज्यांना या नावाचं वेड आहे त्यांना वंशावळ पाठ असते, त्यामुळे ती पुन्हा गिरवत नाही. 1985 साली पहिली आली तेव्हा बाहेरून ती कारकुनी सेडानच होती, आणि बोनेटखाली एम वन या स्पोर्ट्स कारच्या घराण्यातलं साडेतीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन. 286 घोडे, आणि वजन साधारण साडेचौदाशे किलोच्या आत. साध्या कपड्यांतला पैलवान, ही तिची ओळख. पुढे 1998 ची ई थर्टीनाईन पिढी, 400 घोड्यांची व्ही एट, फक्त हाताचा गिअर. मग 2005 ची ई सिक्स्टी, पाच लिटरचं व्ही टेन इंजिन, इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा काटा सव्वाआठ हजारांपर्यंत. या व्ही टेनचा आवाज मी पहिल्यांदा कॉलेज रोडवरच्या एका सायबर कॅफेत ऐकला. हेडफोनचा स्पंज फाटलेला, व्हिडिओ दर दहा सेकंदांनी गोल गोल फिरत थांबायचा, आणि बरोबर काटा सात हजारांच्या वर जायला लागला की तिथेच अडकायचा. तासाचे पैसे भरून मी ती जेमतेम मिनिटभराची क्लिप ऐकली होती. शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी कसलासा ऑनलाइन फॉर्म भरत होती आणि मधूनमधून माझ्याकडे संशयानं बघत होती, कारण मी डोळे मिटून बसलो होतो.

आता गंमत बघा. 2011 ला एफ टेन आली, तिच्या टर्बो इंजिनाचा आवाज बंद केबिनमध्ये नीट पोचेना, म्हणून कंपनीनं तो गाडीच्या स्पीकरमधून आत सोडला. त्यावर आम्ही केवढा गहजब केला! फसवणूक, नाटकीपणा, तमाशा, काय काय म्हणालो. आणि आमच्यापैकी कुणीही एम फाईव्हचा आवाज तोवर स्पीकरशिवाय ऐकलेला नव्हता.

हे नवीन आलं की नाक मुरडायचं आणि जुनं झालं की गळ्यात पडायचं, हे काही एकट्या बीएमडब्ल्यूच्या वाट्याला आलेलं नाही, पण त्यांच्या वाट्याला ते जरा जास्तच आलं. 2001 साली सेव्हन सिरीज आली, तेव्हा तिच्या डिकीचं झाकण वरून वेगळं ठेवल्यासारखं दिसत होतं. क्रिस बँगल हा तेव्हा तिथला मुख्य डिझायनर. त्याला काढून टाका म्हणून लोकांनी इंटरनेटवर सह्यांची मोहीम चालवली. त्याची डिकी पुढे निम्म्या जगानं उचलली, हा भाग वेगळा. मग 2020 मध्ये एम थ्रीला ती उभी, लांबलचक ग्रिल आली, आणि पुन्हा तोच आरडाओरडा. मर्सिडीजचं तर विचारूच नका. सी सिक्स्टीथ्रीमधून व्ही एट काढून त्यांनी दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन आणि जोडीला मोटर बसवली; 680 घोडे देऊनही लोक त्या गाडीचं तोंड बघायला तयार नाहीत. त्या मानानं एम फाईव्हनं व्ही एट ठेवला, हेच उपकार. तरीही रुसवा आहेच.

आणि आपण तरी काय वेगळे? 2003 साली होंडा सिटी बदलली तेव्हाची भांडणं ज्यांना आठवत असतील ते आत्ता हसतील. जुनी सिटी, तिचं ते 106 घोड्यांचं व्हीटेक इंजिन, जमिनीलगत बसायची ऐट. सातपूरच्या कारखानदारांची पोरं ती गाडी त्र्यंबक रोडला पळवायची, आणि आम्ही बजाजच्या स्कूटरवरून नुसते बघत राहायचो. त्या जागी आली उंच, फुगीर, डॉल्फिनच्या तोंडाची गाडी, 77 घोड्यांची. काय हळहळ झाली त्या वेळी! आमच्या डॉक्टरांनी तेव्हा होंडाचा कायमचा त्याग केल्याचं जाहीर केलं होतं. पण घराघरांत झालं उलटंच. मागे पाय पसरून बसता येतं, ॲव्हरेज चांगला, आईला चढा-उतरायला सोपी, म्हणून ती गाडी धडाक्यात खपली. डॉक्टरांच्या सासऱ्यांनीही तीच घेतली. ती चालवत डॉक्टर लग्नानंतर पहिल्यांदा सप्तशृंगीला गेले, आणि परत आल्यावर "तशी वाईट नाहीये" एवढंच म्हणाले. आज एखादी नीट ठेवलेली डॉल्फिन सिटी रस्त्यात दिसली की हेच डॉक्टर गाडी हळू करून बघतात.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी त्या पोराची गोष्ट सांगितली. दादांनी सगळी नोकरी मायकोत काढली. कंपनीचं नाव 2008 मध्ये बॉश झालं, पण आपल्याकडे चौक अजून मायको सर्कलच आहे आणि दादाही अजून मायकोवालेच आहेत. डिझेल इंजिनाच्या नॉझलमध्ये जी सुई वरखाली होते, ती आणि तिच्या भोवतीचं भोक यांच्यातली जागा दोन-चार मायक्रॉनची. मोठेपणी मी स्वतः मशीनवर उभा राहिलो तेव्हा मला कळलं की हा माणूस रोज काय करून घरी येत होता. तेव्हा फक्त वास कळायचा. टेस्टिंगच्या तेलाचा एक गोडसर, डोक्यात बसणारा वास त्यांच्या शर्टाला असायचा, आणि आई तो शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची. कॉलनीत कुणाचीही जीप किंवा टेम्पो बिघडला की दादांना बोलावणं यायचं. ते एक लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन जायचे. त्याचं टोक चालू इंजिनाच्या एकेका भागावर टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि डोळे बारीक करून ऐकायचं. दुसऱ्या हातानं सगळ्यांना गप्प राहायची खूण. मग ते बोट ठेवून सांगायचे, हा तिसरा वाजतोय. बऱ्याचदा ते बरोबर असायचे. चुकले तर मेकॅनिकनं पुढचं सगळं बिघडवलं असं म्हणायचे.

म्हणून मला वाटलं होतं, दादांना वाईट वाटेल. आयुष्यभर इंजिन ऐकलेला माणूस. बिनआवाजाची गाडी ऐकून हळहळेल. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "मग बरोबरच आहे की. आवाज म्हणजे काहीतरी वाया चाललंय. आमची निम्मी जिंदगी तो कमी करण्यात गेली." या बाजूनं मी कधी विचारच केला नव्हता. डिझेलची ती टकटक आणि धूर कमी व्हावा म्हणून प्रेशर वाढवा, एका फवाऱ्याचे दोन-तीन छोटे फवारे करा, भोकं बारीक करा, असं करत करत सगळी इंजेक्शनची विद्या पुढे गेली. कारखान्यातल्या माणसाला जो दोष वाटत होता, त्याचीच कॅसेट करून आम्ही ऐकत बसलो होतो. मी काहीतरी पुटपुटलो, की पेट्रोलचं वेगळं, व्ही एटचं वेगळं. दादांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि दुसराच प्रश्न विचारला.

"वजन किती?"

मी म्हणालो, दोन हजार चारशे पस्तीस किलो. दादा थोडा वेळ गप्प बसले. तोंडी हिशेबाची सवय अजून गेलेली नाही. आमची पहिली गाडी मारुती 800, सेकंडहँड, पांढरी, साडेसहाशे किलोच्या आसपासची. "म्हणजे आपल्या पावणेचार मारुत्या झाल्या," ते म्हणाले, "आणि बसणार कितीजण? पाचच?" आणि त्यांनी पेपर पुन्हा वर धरला.

मला जे बोचत होतं ते आवाजाखाली दडलेलं हे होतं, हे तेव्हा लक्षात आलं. आवाजाचं दुःख मला आहे, नाही असं नाही, पण तो आवडीनिवडीचा मामला. वजनाचं तसं नाही. माझ्या शॉपमध्ये ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट बनतात. एका कस्टमरचं ड्रॉइंग आलं, जुन्याच ब्रॅकेटचं, फक्त त्यातून बत्तीस ग्रॅम कमी करायचे होते. ऐकायला काहीच नाही, एक बिस्किटाचा छोटा पुडा. पण त्यासाठी पाठीमागून तीन खोबणी करायच्या, प्रत्येक खोबणीचा तळ दीड मिलिमीटरवर आणायचा, आणि तिथे भिंत इतकी पातळ होते की टूल खाली उतरलं की जॉब थरथरतो. मशीनच्या आवाजावरून कळतं. एरवी एकसुरी चाललेलं व्हीएमसी किंचाळायला लागतं आणि पृष्ठभागावर बारीक लाटा उमटतात. बोटाच्या नखानं ओढून बघितलं की खरखर लागते. मग फिक्श्चर बदला, फीड कमी करा, शेवटचा कट वेगळ्या टूलनं घ्या. माझा ऑपरेटर सिडकोतला पोरगा, हाताला फार चांगला. त्यानं रविवार घालवून तो जॉब बसवला. आणि पर्चेसचे साहेब काय म्हणाले? मटेरियल कमी लागतंय ना आता, मग भाव कमी करा. मटेरियल कुठे कमी लागतंय? ठोकळा तेवढाच घ्यायचा, फक्त त्यातला जास्त भाग भुसा करून कचऱ्यात टाकायचा. हे त्यांना समजावायला मला दोन महिने लागले.

अशा बत्तीस ग्रॅमांवर पोट असलेल्या माणसानं त्या गाडीकडे कसं बघायचं? आधीच्या एम फाईव्हपेक्षा ही जवळपास अर्धा टन जड आहे. अर्धा टन! कुठल्या तरी शॉपमध्ये, म्युनिकजवळ म्हणा किंवा आणखी कुठे म्हणा, माझ्यासारखाच कुणीतरी त्या गाडीच्या एखाद्या ब्रॅकेटमधून वीस ग्रॅम खरवडत बसला असेल, आणि त्याच वेळी वरच्या मजल्यावर कुणीतरी तळात बॅटरी ठेवायचं नक्की केलं असेल. एके काळी स्पोर्ट्स सेडान म्हटलं की आम्ही घोडे भागिले किलो असा हिशेब करायचो. वहीच्या मागच्या पानावर तसे तक्ते असायचे. आता भागाकारात वरचा आकडाही वाढवतात आणि खालचाही, आणि उत्तर तेवढंच आलं की टाळ्या वाजवतात. हे मला आळशीपणाचं वाटतं. माझं मत झालं हे. कुणाला कटकट वाटली तर वाटो.

असं का केलं, हे न कळण्याइतका मी भाबडा नाही. युरोपात कंपनीच्या सगळ्या नव्या गाड्यांचा मिळून सरासरी धूर मोजतात. 2020-21 मध्ये ती मर्यादा किलोमीटरला 95 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची झाली, आणि वर गेलात की गाडीमागे दंड. व्ही एटवाली गाडी या सरासरीत पाय घालून सगळ्यांना पाडते. पण बॅटरी आणि मोटर बसवली, चार्ज करून सदुसष्ट ते एकोणसत्तर किलोमीटर नुसत्या विजेवर जाते असं दाखवलं, की चाचणीच्या कागदावर तीच गाडी शंभर किलोमीटरला दोन लिटरच्याही आत पेट्रोल पिते. व्ही एट आणि सातशे सत्तावीस घोडे असलेली गाडी, कागदावर माझ्या ऑपरेटरच्या मोटरसायकलइतकी पिते! हा ॲव्हरेज फक्त चार्जिंगची वायर लावणाऱ्याला मिळतो, हे सांगायला नकोच. तरी पण एक गोष्ट कबूल करायला हवी: ही कसरत केली नसती तर हे इंजिनच राहिलं नसतं. तळातल्या बॅटरीच्या खांद्यावर बसून व्ही एट जिवंत राहिला आहे. शिव्या कुणाला घालायच्या?

दोन आठवड्यांनी त्या गाडीत बसायचा योग आला. मालक निफाडकडचे, द्राक्षाच्या एक्स्पोर्टमध्ये घरदार, पस्तिशीचा तरुण. अण्णांच्या ट्रकांचा आणि त्यांच्या कंटेनरांचा संबंध, त्यामुळे ओळख निघाली. "काका, बसा ना, एक चक्कर मारून येऊ," म्हणाला. गंगापूर रोडवरून बाहेर पडेपर्यंत मी रस्त्यापेक्षा त्याच्या चेहऱ्याकडेच बघत होतो. एकोणीसशे सत्तर मिलिमीटर रुंद गाडी, बाजूला रिक्षा, पुढे भाजीची हातगाडी, आणि प्रत्येक स्पीडब्रेकरला तो गाडी तिरकी घेऊन एकेक चाक चढवत होता. पोटाला घासू नये म्हणून. माझाही श्वास दर वेळी अडकायचा, जशी काही दोन कोटींची गाडी माझीच होती. एक कोटी नव्व्याण्णव लाख, 2024 च्या नोव्हेंबरातली शोरूमची किंमत. वरचा टॅक्स आणि विमा त्याचं त्याला माहीत. सगळा वेळ इंजिन बंद. एसीचा हलका आवाज, आणि बाहेरचा हॉर्न दुरून यावा तसा. मोटर गिअरबॉक्सच्याच पोटात बसवली आहे, त्यामुळे आठही गिअर तिलाही मिळतात, आणि एकशेचाळीसच्या वेगापर्यंत ही गाडी इंजिनाला न उठवता जाऊ शकते.

मी न राहवून विचारलं, हे असं गप्प चालणं तुम्हाला खटकत नाही का? तो हसला. "काका, खरं सांगू? मला गाडीतलं हेच सगळ्यात आवडतं. सीझनला मी पहाटे चारला पॅकहाउसला निघतो. आधीची गाडी सुरू केली की आईला जाग यायची, आणि मग ती चहा करायला उठायची. आता तिला कळतही नाही." आम्ही मिसळीच्या टेबलावर ज्याचं सुतक पाळत होतो, त्यासाठी हा माणूस पैसे मोजून खूश होता. यावर मी काय बोलणार?

इगतपुरीला समृद्धीवर चढलो. जूनमध्ये, 2025 च्या, शेवटचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला आणि नाशिकच्या गाडीवेड्यांना एक नवं देवस्थान मिळालं: तो पावणेआठ किलोमीटरचा बोगदा. कसाऱ्याच्या घाटात ट्रकच्या मागे क्लच जाळत ज्यांची तारुण्यं गेली, त्यांना हा सरळसोट बोगदा म्हणजे अजूनही खोटा वाटतो. बोगद्याच्या तोंडाशी त्यानं स्टिअरिंगवरचं एक लाल बटण दाबलं आणि चारही काचा खाली घेतल्या. पाठीमागून कुणीतरी जड लोखंडी दार सरकवावं तशी पहिली घरघर आली. मग तो आवाज भिंतींवरून परतून यायला लागला. वेगमर्यादेतच होतो आम्ही, पाटी समोर होती, त्यामुळे त्यानं गिअर खाली घेऊन नुसता काटा वर ठेवला. ऐकलेला आवाज चांगला होता. भारावून टाकणारा नव्हता. युरोपच्या नियमांपायी हल्ली पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेतही काजळीची गाळणी बसवतात, आणि त्या गाळणीतून धुराबरोबर सूरही थोडा गाळला जातो, असं जाणकार म्हणतात. सायबर कॅफेतल्या फाटक्या हेडफोनमध्ये जे होतं ते इथे नव्हतं. पण पोटाला जाणवणारं काहीतरी इथे होतं, आणि ते हेडफोनमध्ये असणं शक्य नव्हतं. हातावर शहारा आला का, तर आला. बोगद्यातली थंड, डिझेलच्या वासाची हवा होती म्हणूनही असेल.

मला जास्त बघायचं होतं ते वजन. परतीला महामार्ग सोडून घोटीच्या बाजूनं एका वळणावळणाच्या रस्त्यानं आलो. वळणात गाडी कलत नाही. मागची चाकंही थोडी वळतात, त्यामुळे एवढी लांबरुंद गाडी आखूड वाटते. तो गाडी वळणात घालायचा आणि मी सवयीनं दाराची मूठ धरायचो, पण धरायची गरजच पडत नव्हती. वजन लपवायची कला म्हणून विचाराल तर नमस्कार करावा. फक्त एका ठिकाणी, उतारावर अचानक म्हशी आडव्या आल्या आणि त्यानं ब्रेक मारला, तेव्हा गाडी थांबली बरोबर जागेवर, पण थांबल्यानंतर एक क्षण सगळं ओझं पुढे येऊन पट्ट्यात माझ्या छातीवर बसलं. पावणेचार मारुत्या. म्हशी निवांत गेल्या. शेवटची रेडी गाडीकडे बघत उभी राहिली, तिला हॉर्न दिल्यावर हलली.

घरी येताना मला आणखी एक गोष्ट छळत होती, जी मी टोळक्यात काढलेली नव्हती. माझ्या टेबलावर तेव्हा एक चौकशी पडून होती, बॅटरीच्या ट्रेला लागणाऱ्या ब्रॅकेटची. नॉझल, पंप, इंजिनाचे भाग यांच्यावर सातपूर-अंबडची दोन पिढ्यांची चूल पेटली. 2002 मध्ये पहिली स्कॉर्पिओ इथूनच बाहेर पडली, तेव्हा आमच्या शेजारचा वेल्डर रस्त्यावर दिसलेल्या प्रत्येक स्कॉर्पिओकडे बोट दाखवून, यातला तो भाग माझ्या हातचा, म्हणायचा. आता त्याच शेडमध्ये कोटेशनच्या कागदांवर बॅटरी हा शब्द वाढत चाललाय. मी कोटेशन दिलं. न देऊन काय करतो? ट्रेचं ड्रॉइंग उघडलं तर कोपऱ्यात वजनाची मर्यादा छापलेली, आणि ती आमच्या सध्याच्या ठोकताळ्यापेक्षा अठरा ग्रॅम कमी. मला हसू आलं. शेकडो किलोंची बॅटरी ठेवायची, आणि तिच्या ट्रेच्या ब्रॅकेटमध्ये अठरा ग्रॅमची काटकसर. पण लगेच जाणवलं की वजनाची शरम अजून कुणाला तरी आहे. ड्रॉइंग काढणारा तो माणूस कोण असेल, मला ठाऊक नाही, पण त्याच्याशी माझं पटलं असतं.

पुढच्या रविवारी मी टेबलावर सगळं सांगितलं. बोगदा, म्हशी, त्याची आई आणि पहाटेचा चहा. सरांना चहाची गोष्ट आवडली. अण्णा म्हणाले, बघा, मी म्हणत नव्हतो? डॉक्टर मात्र काही बोलेनात. मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसले होते. अण्णांनी डोकावून बघितलं तर पुण्यातल्या एका डीलरकडची सेकंडहँड एफ नाईंटी, निळी, पाच-सहा वर्षांची. ही खरी शेवटची एम फाईव्ह, डॉक्टर म्हणाले, यानंतर अशी होणे नाही. मी म्हटलं, डॉक्टर, 2017 ला ही आली तेव्हा चारही चाकं चालवणारी एम फाईव्ह म्हणजे ट्रॅक्टर, असं याच टेबलावर कोण म्हणालं होतं? मॅन्युअल गिअर नाही म्हणून कुणी रस्सा परत पाठवला होता?

"तेव्हा नवी आली नव्हती ना अजून," डॉक्टर म्हणाले, आणि डीलरला फोन लावायला बाहेर गेले. वहिनींना यातलं काही माहीत नाही, हे त्यांनी जाता जाता आम्हाला दोनदा बजावलं.